ओढ्याचा काठ ढासळतोय? भिंत घालण्याआधी तळ बघा

प्रश्न आजरा तालुक्यातून आलाय. हिरण्यकेशीला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून दोन एकर रान आहे, त्यात ऊस आणि थोडं भात. चार-पाच वर्षांपूर्वी खालच्या अंगाला ओढ्याचं खोलीकरण झालं. पोकलेन लावून पात्र सरळ आणि रुंद केलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात काठ दोन-तीन फूट आत ढासळतो. पूर्वी मळ्या, खवली, वाम, शिंगटा हे मासे मिळायचे, आता पोरांच्या गळाला काही लागत नाही. ग्रामपंचायत गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली, भिंत घालून द्यायला तयार आहे. तेव्हा विचारलंय असं: गॅबियन घ्यावं का, काठावर झाडं कोणती लावावीत, आणि मत्स्यबीज आणून सोडलं तर मासे परत येतील का?

मत्स्यबीजाचं आधी संपवतो. सोडू नका. बीज केंद्रावर मिळतात ते रोहू, कटला, मृगळ मूळचे गंगेकडचे. गवत्या आणि चंदेरा त्याहून लांबचे, चीनकडचे. हे तळ्यात वाढणारे मासे. पाच मीटर रुंदीच्या, चार महिने बेफाम आणि चार महिने डबकी होणाऱ्या ओढ्यात ते टिकत नाहीत, पहिल्या पुरात खाली जातात. जे टिकतात, म्हणजे चिलापी आणि परदेशी मांगूर, ते तर मुळीच नकोत. एकदा डोहात शिरले की बाहेर काढता येत नाहीत आणि गावठी माशांची अंडी-पिल्लं खाऊन टाकतात. तुमच्या भागात बाहेरून मासे आणायची गरजही नाही. याच हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, २०२० मध्ये लोच जातीचा एक नवा मासा नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढा मासा, उगमाच्या पाण्यात दगडांच्या फटीत राहणारा. सांगायचं हे की मूळचे मासे तुमच्या खोऱ्यात अजून आहेत, मोठ्या नदीत आहेत, वरच्या जंगलातल्या ओहोळांत आहेत. तुमच्या ओढ्यात ते का येत नाहीत आणि आले तर का राहत नाहीत, एवढंच शोधायचंय.

आता काठाकडे वळू. तुम्ही फोटो पाठवलेत ते सगळे काठाचे. तळाचा एकही नाही. बहुतेक जण असंच करतात, कारण जमीन काठावरून जाते आणि सातबारा काठापर्यंतचाच असतो. पण तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून मला वाटतं दुखणं तळात आहे. ओढ्याचा एक तुकडा खालच्या बाजूला खोल केला की वरचा न खणलेला तळ आणि तो खणलेला तळ यांच्यामध्ये एक पायरी तयार होते. पूर आला की पाणी त्या पायरीवरून उडी मारतं, पायरीचा पाया खातं, आणि पायरी वर सरकते. पुढच्या पावसाळ्यात आणखी वर. असं करत ती तुमच्या रानासमोरून गेली असणार. ती जिथून जाते तिथला तळ दोन-चार फुटांनी उतरतो, म्हणजे काठ तेवढाच उंच आणि उभा होतो. पूर्वी छातीएवढा असलेला काठ आता डोक्यावर गेला असेल तर कारण हेच. एका मर्यादेपलीकडे उंच झालेला मातीचा काठ स्वतःच्या वजनानेच उभा राहू शकत नाही. मग त्याला पुढून कितीही लिंपा.

खात्री करून घ्या. मार्चमध्ये, पाणी पायाच्या घोट्याएवढं असताना, ओढ्यातूनच खालच्या अंगाला चालत जा, जिथे खोलीकरण संपलं तिथपर्यंत. आणि मग तुमच्या रानाच्या वर अर्धा किलोमीटर. वाटेत काय दिसतं ते मोबाइलवर टिपत जा. रस्त्याच्या मोरीचा पाइप खालच्या बाजूला अधांतरी लोंबकळतोय का? जुन्या साकवाचा पाया उघडा पडलाय का? उंबराची, जांभळीची मुळं हवेत लटकताहेत का? कुणाच्या पाणबुडी मोटारीचं बांधकाम पूर्वी पाण्यात होतं आणि आता कोरड्यात उंच राहिलंय का? यातल्या दोन खुणा दिसल्या तरी तळ उतरलाय हे नक्की समजा. आणि वरच्या बाजूला कुठे तरी मुरमात किंवा मातीत ती पायरी सापडेल. तिच्याखाली पाण्याने उकरलेला खड्डा, वर सपाट तळ. ती सापडली की तुमच्या कामाची पहिली जागा ठरली. काठ त्यानंतर.

तळ उतरता उतरता काळ्या कातळाला लागला असेल तर एका अर्थी बरं. आता तो आणखी खाली जाणार नाही. पण मग ओढा रुंद व्हायला लागतो, दोन्ही काठ आलटून पालटून पडतात, आणि पडलेल्या मातीतून हळूहळू आत खालच्या पातळीवर नवा छोटा काठ तयार होतो. खणलेल्या किंवा सरळ केलेल्या ओढ्यांचा हा ठरलेला प्रवास आहे: आधी खोल, मग रुंद, मग स्थिर. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी तो १९८४ मध्ये टप्प्यांनी मांडला, पण आपल्याकडचा कुठलाही ओढा बघितला तरी तेच दिसतं. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे न बघता पैसे घातले की ते वाहून जातात. तळ अजून उतरत असताना काठावर केलेलं कोणतंही काम, भिंत असो की झाडं, पायासकट खचतं.

काठ पडताना नेमकं काय होतं तेही एकदा जवळून बघा. आजऱ्याकडे बहुतेक ठिकाणी वर तांबडी चिकण माती, तिच्याखाली वीतभर किंवा हातभर वाळू-गोट्यांचा सैल थर, आणि त्याखाली मुरूम असतो. पुरात पाणी मधला वाळूचा थर आतून उपसून नेतं. वरची माती छज्जासारखी पुढे राहते. काठ पडतो तो मात्र पूर भरात असताना नाही, उतरताना. भरलेल्या ओढ्याचं पाणी काठाला टेकू देत असतं. ते भराभर उतरलं की ओलीचिंब जड माती टेकू नसताना उभी राहते. काठापासून दोन-तीन फुटांवर, काठाला समांतर अशी एक भेग दिसते, कधी उसाच्या सरीतच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर तो अख्खा ढेकूळ उभाच्या उभा सरकतो आणि पायथ्याशी बसतो. त्या भेगेत पाटाचं पाणी शिरत असेल तर काम आणखी लवकर होतं. म्हणून पहिला फुकटचा उपाय: उसाला काठाकडच्या सऱ्यांतून पाणी देणं बंद करा आणि रानातलं पावसाचं पाणी एका जागी गोळा करून दगडी उतारावरून ओढ्यात सोडा, जिथे तिथे काठावरून सांडू देऊ नका.

मोजमापासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी, टेप आणि सुतळी पुरे. रानाच्या समोर तीन-चार जागी ओढ्याचा आडवा छेद काढा: काठापासून काठापर्यंत सुतळी बांधून दर फुटाला खाली खोली किती. मग तळाच्या कडेने लांबीचा छेद, दर पाच मीटरला पातळी. काठात दहा-बारा मिलिमीटरच्या लोखंडी सळया, मीटरभर लांबीच्या, आडव्या ठोकून ठेवा, तोंड काठाशी सपाट. दिवाळीत जाऊन बघा सळई किती बाहेर आली. तेवढा काठ गेला. या आकड्यांशिवाय मी कुणालाच दगडाचा हिशेब देत नाही.

गॅबियनबद्दल. घर, विहीर, रस्ता ओढ्यापासून चार-पाच फुटांवर आला असेल आणि मागे सरकायला जागाच नसेल, तर गॅबियन घाला, माझी हरकत नाही. शेताच्या काठासाठी मात्र मी सहसा नको म्हणतो. उभी भिंत पाण्याला अडवत नाही, वेग देते. ते वेगाचं पाणी भिंतीचा पाया उकरतं आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याचा काठ खातं. वर्षभरात तुमच्या बांधावरचं भांडण तयार. शिवाय आपल्या ओढ्यांत पुराबरोबर गडगडत येणारे धोंडे जाळीची तार कापतात, जस्ताचा मुलामा गेला की गंज लागतो, आणि मग उघड्या तारा पाण्यात राहतात. त्यात गुरांचे पाय अडकतात. माशांच्या दृष्टीने भिंत म्हणजे उन्हात तापलेला कठडा: ना सावली, ना मुळांची कपार, ना वरून पडणारा किडा. ग्रामपंचायतीचा निधी असेल तर तोच दगड तळाच्या कामाला आणि रस्त्याच्या मोरीला वापरता येईल का, असं विचारा. बऱ्याचदा अंदाजपत्रकात बदल होतो, कामाला हात लागायच्या आत विचारलं तर.

आता काय करायचं ते. तळ धरण्यासाठी ओढ्यात आडवे दगडी उंबरे घालायचे, ओळीने दोन-चार. सिमेंट बंधारा किंवा भिंत नाही, सैल दगडांचाच. वरून बघितलं तर त्याचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा, गोलाई वरच्या अंगाला. दोन्ही काठांकडचे दगड उंच, मधल्या दगडांकडे उतार. पुराचं पाणी अशा उंबऱ्यावरून काठांपासून दूर, मध्यावर गोळा होऊन पडतं आणि उंबऱ्याच्या खाली मध्येच डोह खणतं. म्हणजे काठावरचा मार कमी झाला, तळ धरला गेला आणि माशांना डोह मिळाला. हाच दगड सरळ रेषेत टाकला तर पाणी दोन्ही टोकांना वळसा घालून काठ फोडतं, हे तुम्ही कुठल्या तरी वनराई बंधाऱ्याच्या जागी बघितलं असेलच.

दगड केवढा? गेल्या मोठ्या पुरात तुमच्या ओढ्यात जे सर्वांत मोठे धोंडे हलले ते शोधा (त्यांच्यावर शेवाळ नसतं, खालचा भाग चिखलाने माखलेला नसतो). त्याहून मोठे आणा. तुमच्या ओढ्याला दोन ते तीन फूट जाडीचे, जेसीबीनेच उचलावे लागणारे. आणि हे दगड ओढ्यातून उचलायचे नाहीत. हे मी ठासून सांगतो, कारण ठेकेदार पहिलं तेच करतो. तळातले मोठे धोंडे हेच तळाला धरून ठेवतात आणि मळ्याची घरंही तीच. दगड खाणीचा किंवा रानातल्या पडीचा आणा, कडा असलेला, गोल नको. प्रत्येक उंबऱ्याला आधी चर खणून खाली पायाचे दगड, त्यांच्यावर वरचे दगड थोडे मागे सरकवून. दोन्ही टोकं काठात निदान दीड-दोन मीटर आत पुरलेली. मागच्या बाजूला खडी, गोटे आणि मुरूम यांचं मिश्रण पाण्याने धुऊन फटींत बसवायचं. हे नाही केलं तर फेब्रुवारीनंतर ओढ्याचं बारीक पाणी दगडांखालून निघून जातं, वर कोरडे धोंडे आणि उंबऱ्याच्या खाली मेलेले मासे.

उंबऱ्याची उडी सहा इंचांच्या वर जाऊ देऊ नका. वाम आणि शिंगटा उडी मारणारे मासे नाहीत. मळ्या ओल्या दगडाला तोंडाने चिकटून चढतो, पण त्यालाही पाण्याचा सलग पडदा लागतो. तळ जास्त उतरला असेल तर एक मोठा उंबरा घालण्याऐवजी तीन-चार छोटे, किंवा दगडांचा लांब उतार, वीस फुटांत एक फूट उतरणारा किंवा त्याहून सौम्य. दोन उंबऱ्यांमधलं अंतर ओढ्याच्या स्वभावावर ठेवा. मोकळा ओढा साधारण आपल्या रुंदीच्या पाच ते सातपट अंतराने एक डोह आणि एक खळाळ करत जातो, म्हणजे तुमच्याकडे पंचवीस ते पस्तीस मीटर. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे उतार तीव्र आहे, तिथे त्याहून जवळ.

यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून कुणी तरी तुम्हाला लाकडी ओंडक्यांच्या पेट्या काठाखाली बसवायला सांगेल. त्या अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे ट्राउट माशांसाठी निघाल्या आणि तिथे छान चालतात. तिथले ओढे झऱ्यांवर चालतात, बारा महिने जवळपास सारखे. आपल्याकडे आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच खोऱ्यात गडहिंग्लजला हजाराच्या आत-बाहेर, तोही सगळा चार महिन्यांत. आजरा या दोन्हींच्या मध्ये. इथे पाण्याची पातळी एका दिवसात सहा फूट वर-खाली होते. पेटी पहिल्याच आषाढात नदीला लागेल. तिकडून घ्यायचाच तर दुसरा धडा घ्या: फ्लॉरिडात किसिमी नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ कालवा करून टाकली, पक्षी आणि मासे गेले, आणि मग तीच वळणं परत द्यायला १९९९ पासून २०२१ पर्यंत काम चाललं.

काठाला उतार द्यावा लागेल आणि त्यासाठी जमीन द्यावी लागेल. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. उभा काठ छाटून एकास दीड किंवा एकास दोन (एक फूट उंचीला दीड किंवा दोन फूट आडवं) असा उतार करायचा, आणि जागा असेल तर निम्म्या उंचीवर सहा-आठ फूट रुंदीचा एक सपाट टप्पा ठेवायचा. मोठा पूर त्या टप्प्यावर पसरतो आणि त्याचा जोर तिथेच मरतो. दोन-अडीच गुंठे जातील. पण दरवर्षी दोन-तीन फूट या हिशेबाने तेवढे असेही जाणारच आहेत, तेही माती, ऊस आणि बांधावरच्या झाडांसकट. छाटलेली वरची माती ओढ्यात ढकलू नका, रानात पसरा. पायथ्याला, पाण्याच्या नेहमीच्या पातळीपर्यंत, मोठ्या दगडांची एक-दीड फूट जाड रांग, मागे खडीचा थर. त्याच्यावरच्या उतारावर काथ्याची जाळी अंथरा. सिंधुदुर्गात काथ्याचं काम होतं, तिथून मागवता येते. जाळी दोन-तीन वर्षांत कुजते, तोपर्यंत मुळांनी जागा घेतलेली असते. प्लास्टिकची जाळी नको, तुटली की माशांच्या कल्ल्यांत आणि गुरांच्या पोटात जाते.

झाडांत पहिला मान शेरणीचा. नदीच्या खडकांत, थेट पुराच्या वाटेत वाढणारं हे लवचीक झुडूप पुरात आडवं होतं, पाणी उतरलं की उभं राहतं, आणि त्याची मुळं कातळाच्या भेगेत शिरतात. रोपवाटिकेत मिळत नाही. हिरण्यकेशीच्या पात्रात बघा, तिथून काड्या आणि बी घ्या, झुडूप उपटू नका. तिच्या मागे वाळुंज. त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन-तीन फूट लांब ओल्या काड्या, खालचं टोक तिरकं कापून, दोन तृतीयांश जमिनीत जातील अशा ठोकायच्या. डोळे वरच्या दिशेला आहेत ना बघून घ्या, मजूर घाईत उलट्या ठोकतात. मी काड्या जूनमध्ये लावत नाही. जुलैचा पहिला लोंढा त्या मुळं धरायच्या आत ओढून नेतो. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला, ओल भरपूर आहे, तेव्हा लावल्या तर पुढच्या आषाढापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन वेळा पाणी घालावं लागेल. मधल्या उतारावर वाळा, फुटाफुटावर, आडव्या रांगांत. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि तो बी टाकून पसरत नाही. लव्हाळा आपोआप येतो, तो खुरपू नका.

वरच्या कडेला करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. उंबर आणि जांभूळ यांची फळं पाण्यात पडतात, त्यांवर मासे जगतात, आणि एप्रिलमध्ये डोहावर सावली असणं हे डोहात किती पाणी आहे याइतकंच महत्त्वाचं आहे. उथळ डोह उन्हात तापला की पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि पहाटे मासे तोंड वर काढून मरतात. बांबू लावायचा तर काठाच्या कडेपासून दहा फूट मागे. मेस किंवा माणग्याचं भरलेलं बेट कडेवर असेल तर त्याच्या वजनाने काठच खाली येतो, मुळं वरवर पसरलेली असतात. आणि आजरा-चंदगडमध्ये बांबू म्हटलं की हत्तीलाही आमंत्रण, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. निलगिरी, सुबाभूळ, बेशरम नको. बेशरम फुकट आणि झटपट लागतं म्हणून लोक लावतात, मग तेच ओढा बुजवतं.

गुरं सोडलीत तर यातलं काही उभं राहणार नाही. निदान तीन पावसाळे काटेरी कुंपण. पण गुरांना पाणी लागतंच, म्हणून वरच्या टोकाला एकच उतार गोट्यांनी बांधून द्या आणि बाकी काठ बंद. नांगरट काठापासून पंधरा फूट आत थांबली पाहिजे.

माशांसाठी काठाइतकंच महत्त्वाचं बाकीचं आता सांगतो. तळातले दगड उचलून बघा. चांगल्या ओढ्यात दगडाची वरची बाजू बोटाला किंचित बुळबुळीत लागते, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि मळ्याने खरवडलेले फिकट पट्टे दिसतात. उलटी बाजू स्वच्छ, तिला चपटे किडे चिकटलेले. तुमच्याकडे मला वाटतं दगडावर नखाएवढा जाड तांबडा गाळ असेल आणि दगड तळात रुतलेले, हाताने सुटत नसतील. तसं असेल तर मळ्याला खायला नाही, लोचला शिरायला फट नाही, आणि गोट्यांच्या फटींत पडलेली अंडी गाळाखाली गुदमरतात. हा गाळ ढासळत्या काठातून येतोय. म्हणूनच काठाचं काम हे माशांचं काम आहे. काठ थांबला की दोन-तीन पावसाळ्यांत खळाळातले गोटे आपोआप धुऊन निघतात. आत हात घालून साफ करू नका.

दुसरं, चढण. मृगाच्या-आर्द्राच्या पहिल्या पुराला मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांपर्यंत अंडी घालायला चढतात. ती वाट तुमच्या रानाच्या खाली कुठे तुटते ते शोधा. मोरीचा अधांतरी पाइप ही सर्वांत नेहमीची अडचण. दोन-तीन फूट वरून पाणी पडतं तिथे वाम डोकं आपटून परत जातो आणि खाली जाळं लावून बसलेल्यांची चांदी होते. उपाय सोपा आहे: पाइपाखाली दगडांचा तोच सौम्य उतार बांधून पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडापर्यंत आणायची. नवी मोरी होणार असेल तर तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली एक चतुर्थांश पुरायला सांगा, म्हणजे आत गोटे साचून ओढाच चालू राहतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी निघतात, तेव्हा तिथून मासे जाऊ शकतात. बरगे काढायला उशीर झाला की चढणही हुकते आणि बंधाऱ्याच्या बाजूचा काठही फुटतो. पाटकऱ्याशी बोलून ठेवा.

तिसरं, उन्हाळ्यातला डोह. मे महिन्यात ओढ्यातले सगळे मासे दोन-तीन डोहांत गोळा झालेले असतात. तिथे कुणी इंजिन लावून शेवटचं पाणी उपसलं, की पुढची सगळी मेहनत वाया. वरच्या-खालच्या शेतकऱ्यांशी बसून एवढंच ठरवा: मोटारीचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) तळापासून अडीच फूट वर राहील. बोलून विसरतात, म्हणून लोखंडी सळईवर तांबडी खूण करून डोहात उभी करा. ब्लीचिंग पावडर, सुरुंग, बॅटरीचा शॉक यांची चटक गावात कुणाला असेल तर ते तुम्हाला माहीतच असणार. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे, पण पोलिसांपेक्षा गावदेवाचा डोह जास्त चालतो असा अनुभव आहे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचं तिळसे, दोन्हीकडे देवाचे म्हणून कुणी हात लावत नाही आणि हातभर लांबीचे महाशीर माणसांसमोर फिरतात. तुमच्या ओढ्यात असा एखादा डोह पूर्वी राखलेला होता का, ते म्हाताऱ्यांना विचारा. असला तर तोच आधी वाचवा.

पात्रात पडलेलं झाड लगेच ओढून काढू नका. मोरीच्या वरच्या अंगाला असेल तर काढावंच लागेल. बाकी ठिकाणी त्याचा बुंधा काठावरच्या झाडाला तारदोराने बांधून तिथेच राहू द्या. त्याच्याखाली पिल्लं राहतात.

परवानगीचं: ओढ्याचं पात्र तुमचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचे तळ शासनाचे. म्हणून पात्रात दगड घालायचा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदारांकडे अर्ज, आणि मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला जागेवर आणून दाखवणं, हे तिन्ही करा. काढलेला मुरूम विकायचा विचारही करू नका, ते गौण खनिज आहे. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच. तिच्या नोंदवहीत जुने मासे लिहून घ्या, अर्जाला वजन येतं. समोरच्या काठाच्या मालकाची सही आधी घ्या. त्याला विश्वासात न घेता केलेला उंबरा एका रात्रीत कुदळीने निघतो.

कामाचा क्रम असा ठेवा. या मार्चमध्ये चालणं, मोजणं, सळया ठोकणं. पावसाळाभर काहीच करायचं नाही, फक्त पूर कुठपर्यंत चढतो तिथे झाडांवर रंगाची खूण. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, डोह आटायच्या आत, वरच्या पायरीवरचा पहिला उंबरा. यंत्र काठावरून चालवायचं, डोहात उतरवायचं नाही. त्याच हंगामात काठाला उतार आणि पायथ्याचा दगड. सप्टेंबरअखेर काड्या. पहिल्या पावसाळ्यात दोन-चार दगड हलतील, उंबऱ्याच्या एका टोकाला पाणी वाट काढू बघेल. तेव्हा घाबरून सिमेंट ओतू नका, पाणी ओसरल्यावर त्या टोकाला दगड वाढवा. गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तेच आडवे छेद परत मोजा.

मोजलेले छेद, सळयांचे आकडे आणि मोरीच्या पाइपाचा खालून काढलेला फोटो पाठवलात की उंबरे किती आणि नेमके कुठे, ते आकृती काढून कळवतो. तोपर्यंत ग्रामपंचायतीला गॅबियनचं अंदाजपत्रक तेवढं थांबवायला सांगा.